बाली की मॉरिशस, हे विचारायला आम्ही मुकुटबनला गेलो

पुण्याच्या आमच्या लेकीनं फोनवर जाहीर केलं, "तुमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत. आता दोघं मिळून समुद्रापलीकडे कुठेतरी जाऊन या. तिकिटं माझ्याकडून." आणि त्या दिवसापासून आमच्या यवतमाळच्या घरात ताटावर बसलं की एकच विषय वाढला जाऊ लागला: बाली की मॉरिशस?

आमचे हे, म्हणजे सुधाकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर कालवे आणि धरणं मोजणाऱ्या माणसाला समुद्र निवडायला दिला की काय होतं, ते मी रोज बघत होते. सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून ते म्हणत, "मॉरिशसचं पाणी जास्त निळं हाय." दुपारी दुसरा पाहून, "बालीत मंदिरं लय हायेत, तुले आवडतीन." रात्री तिसरा पाहून काळजीनं, "पण तिथं नाश्त्याले पोहे भेटत नाहीत म्हणते."

परदेशी जागा जोखायची आपल्या लोकांची मापं अशीच असतात, हे मला त्या महिन्यांत कळलं. पाण्याचा रंग, सकाळचा नाश्ता, न्हाणीघर आणि शेजारी कुठे जाऊन आले. आमच्या शेजारचे साहेब आणि बाई मॉरिशसला जाऊन आलेत. त्यांना विचारलं, "कसं आहे?" साहेब म्हणाले, "छान आहे." बाई म्हणाल्या, "स्वच्छ आहे." मग त्यांनी टीव्हीला मोबाइल जोडून फोटो दाखवले. प्रत्येक फोटोवर साहेब "छान" म्हणत आणि बाई "स्वच्छ". आम्ही दोन चहा पिऊन घरी आलो, तरी मॉरिशस काही आमच्याबरोबर आलं नाही.

शेवटी सुधाकर म्हणाले, "मोबाइलवाल्यांचं काही खरं नाही. आपल्या माणसाले विचारू." आणि त्यांना आपली दोन माणसं आठवली.

विलासभाऊ आणि गुलाबभाऊ. सुधाकर धरून तिघंही कॉलेजात असताना यवतमाळला एकाच वसतिगृहात, एकाच खोलीत. विलासभाऊंचं बाभुळगावला कृषी केंद्र, गुलाबभाऊंचं मुकुटबनला. बियाणं, खत, फवारणीची औषधं. बियाण्याच्या एका कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना बालीची सहल दिली, त्यात हे दोघंही गेले होते. आमच्या भागातून परदेशी जाण्याचा हा राजमार्ग आहे. पासपोर्टपेक्षा पोत्यांचा उपयोग जास्त.

"दोघांनी एकच बाली पाह्यली," सुधाकर म्हणाले. "दोन्हीकडून पक्कं करून घेऊ. अन् भेटही होईन. दोन वर्षं झाले, कोणी बोलावलंच नाही मले."

हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. दर हिवाळ्यात तिघं मित्र विलासभाऊंच्या शेतात रोडग्यांचा बेत करायचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वर तुपाची धार. दोन हिवाळे तो बेत झाला नव्हता. सुधाकरांना वाटत होतं, ते दोघं आपल्याला वगळून भेटतात. तसं त्यांनी कधी म्हटलं नाही. फक्त वांग्याची भाजी झाली की जरा गप्प बसायचे.

दिवाळी आटोपली आणि एका सकाळी आम्ही निघालो, मी माझ्या प्रवासाच्या ब्लॉगची वही घेऊन.

पहिला दिवस: यवतमाळ ते बाभुळगाव

हा टप्पा छोटा आहे. गाडीत गाणं लावायचं की नाही यावर आमचं एकमत होईपर्यंत बाभुळगाव आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली, तूर पिवळ्या फुलावर, बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. सकाळी लवकर निघा. ऊन चढलं की याच रस्त्यावर डोळे दिपतात. नाश्त्याला बसस्टँडजवळ तर्री-पोहे खा. दोघांचं मिळून पन्नासच्या आसपास होतं, तर्री पुन्हा मागितली तर वेगळे पैसे नाहीत.

विलासभाऊ दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याची पोती उतरवून घेत होते. उंच, बारीक माणूस, बोलणं हळू. आम्हाला पाहून चेहरा फुलला. सुधाकरांनी चहा येण्याच्या आधीच विचारलं, "विलास, बाली कशी हाय?"

चेहरा परत मिटला.

"कायले जातं बालीले?" विलासभाऊ म्हणाले. "समुद्र पाह्याचा हाय? आपल्या बेंबळा धरणावर जाय. तेवढंच पाणी दिसते. अन् गोड हाय. तिथलं तं तोंडातही घेता येत नाही."

"पण देखावा..."

"भाताचे वाफे दाखवतात. तिकीट लावून! आपल्याकडं कोणी पऱ्हाटी पाह्याले तिकीट काढते काय? अन् माकडं. एका माकडानं माह्या डोयावरचा चष्मा नेला. केळं देल्लं तवा वापस केला. खंडणीच हाय ते."

"मग कुठं जावं?"

"मॉरिशसले जाय. लय मस्त हाय."

"तू गेलता काय?"

"नाही. म्हून तं सांगून राह्यलो."

दुकानात बसलेले दोन शेतकरी हसले. पण विलासभाऊ विनोद करत नव्हते. मी जाताजाता सहज विचारलं, "गुलाबभाऊंना आवडली का बाली?" त्यांनी पोत्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाले, "मले माहीत नाही."

बालीत एका खोलीत राहून आलेला माणूस असं म्हणाला तर बाईमाणूस स्वयंपाकघराकडे वळतं. घर दुकानाच्या मागेच, मीही वळले. मंदावहिनी, म्हणजे विलासभाऊंच्या पत्नी, भाकरी थापत होत्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग सांगितलं.

"बालीचं नाव नका काढू वहिनी. ते दोघं बोलत नाहीत. दोन वर्षं झाले."

सहलीत एका दिवशी सगळ्यांना छोट्या बोटीनं पलीकडच्या बेटावर नेलं. मध्ये वारा सुटला, लाटा बोटीत यायला लागल्या. विलासभाऊंनी तोवर धरणाचं पाणी काठावरूनच पाहिलेलं. ते घाबरले आणि मोठ्यानं ओरडले, "माय वं! माय वं!" बोट सुखरूप लागली, कोणाला काही झालं नाही. त्या संध्याकाळी कंपनीचं जेवण होतं. गुलाबभाऊंनी माइक हातात घेतला आणि विलासभाऊंची नक्कल केली. तोच आवाज, तेच डोळे. अख्खं सभागृह हसून लोटपोट. लोकांनी पुन्हा करायला लावली. त्यांनी पुन्हा केली.

"अन् आमच्या आत्याबाई," मंदावहिनी म्हणाल्या, सासूला त्या आत्याबाई म्हणत, "त्याच उन्हाळ्यात, सहलीच्या आधीच, गेल्या होत्या. यांनी घरी आल्यावर मले काहीच सांगितलं नाही. बॅग ठेवली अन् शेतात गेले. दुसऱ्या दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं तवा मले समजलं."

तव्यावरची भाकरी जरा करपली. त्यांनी ती स्वतःच्या ताटात ठेवली.

कळंब, वडकी, करंजी आणि वणीमार्गे मुकुटबन

बाभुळगावहून कळंब जवळ आहे. चिंतामणीचं देऊळ रस्त्याला लागूनच, पण देव जमिनीखाली. पायऱ्या उतरून जावं लागतं. आत गारवा छान असतो. तिथेच बसून मी सुधाकरांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. पायऱ्या चढून वर आल्यावर चपला शोधता शोधता एवढंच म्हणाले, "म्हंजे माह्याशिवाय भेटत होते असं नाही."

त्यांना दुःख झालं होतं. आणि थोडं बरंही वाटलं होतं. दोन्ही एका चेहऱ्यावर मावत नव्हतं.

पुढे राळेगावहून वडकीला मोठा हमरस्ता लागतो. हा रस्ता इतका सरळ आहे की गाडी चालवणारा झोपू नये म्हणून शेजारच्यानं भांडत राहावं. आम्हाला अडचण आली नाही. "गुलाबले आपण काहीच बोलायचं नाही," ते म्हणत होते. "मग जायचं कशाला?" मी म्हणत होते. "बालीचं विचाराले!" "बालीचंच तर आहे हे!"

करंजीला चहाला थांबलो. इथले मिरचीचे भजे घ्या, पण आधी एक चावून बघा, मग प्लेट मागा. शेजारच्या टेबलावर नवंकोरं जोडपं होतं, तिच्या हातावर मेंदी अजून लाल. अंदमानहून परतून नागपूरहून घरी चालले होते. सुधाकरांना राहवलं नाही. "अंदमान कसं हाय जी?"

"छान," मुलगी म्हणाली.

"गरम," मुलगा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "गरम होतं?" तिनं विचारलं. "तुले गरम झालं नाही?" त्यानं विचारलं. आम्ही चहा संपवून हळूच उठलो. एक संसार सुरू झाला होता.

मारेगावपर्यंत रस्ता चांगला. वणी आली की कोळशाचे ट्रक सुरू होतात. काचा बंद ठेवा, पांढरे कपडे घालू नका आणि ओव्हरटेक करायची घाई करू नका. वणीला पोटाला काहीतरी घालून घ्या. कायर गाव मागे टाकून मुकुटबनला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

गुलाबभाऊ दुकान मुलावर सोपवून चौकातच उभे होते. बुटके, गोल, बोलके. गाडी थांबायच्या आधीच दार उघडून आत बसले आणि रस्ता दाखवत आम्हाला गावाबाहेर त्यांच्या तांड्यावर घेऊन गेले. अंगणात त्यांच्या पत्नी सुमनबाई पुढे आल्या. "आवो, बेसो," त्यांनी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, स्वागत केलं आणि माझा हात धरून बाजेवर बसवलं.

इथे सुधाकरांना प्रश्न विचारावाच लागला नाही. बाली म्हणताच गुलाबभाऊ सुरू झाले.

"स्वर्ग हाय राजा! स्वर्ग! हिरवं म्हंजे किती हिरवं! भाताचे वाफे असे, जसे देवानं जिने बांधले. अन् माणसं कशी, रोज सकाळी दारासमोर पानाच्या छोट्या टोपलीत फुलं ठेवतात. दुकानदारही. मी तं आता माह्या दुकानासमोर ठेवतो."

"ठेवतात जी," सुमनबाई आतून म्हणाल्या. "बकऱ्या खातात."

"आमचे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले," गुलाबभाऊ थांबत नव्हते. "आमच्या रक्तातच हाय, जिकडं पोतं जाईन तिकडं आपण जायचं. मी बियाण्याचे पोते विकले अन् पोत्यांनी मले बालीले नेलं. मॉरिशसचं नावही घेऊ नको सुधाकर."

"तू मॉरिशस पाह्यलं काय?"

"पाहाचं कायले? बाली पाह्यल्यावर!"

मला वाटतं, ज्या गावाला माणूस गेलेला नसतो त्याच्याविषयी तो सर्वात ठाम असतो.

संध्याकाळी अंगणात चूल पेटली. गावरान कोंबडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, पाट्यावरचा ठेचा. हॉटेल शोधू नका. या भागात ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्याकडेच उतरा, नाहीतर वणीला मुक्काम करून सकाळी या. जेवण रंगात आलं आणि गुलाबभाऊंनी स्वतःहून ती बोट काढली. उभे राहिले. हात पसरून लाटा केल्या. मग गुडघे वाकवून, डोळे वटारून, आवाज बारीक करून विलासभाऊ झाले. "माय वं! माय वं!"

नक्कल हुबेहूब होती. मला हसू आलं असतं. पण शेजारी सुधाकर भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते.

"गुलाब," ते म्हणाले, "त्याची माय त्याच उन्हाळ्यात गेलती."

"मले काय सांगतं?" गुलाबभाऊ तसेच वाकलेले, म्हणाले. "मी खांदा देल्ला तिले. माह्याही..."

आणि थांबले. गुडघे सरळ केले. बसले.

सुमनबाई दारातून म्हणाल्या, "मग माइकवर कायले बोलले जी?"

गुलाबभाऊंनी "तो मले आजपर्यंत हे काहून बोलला नाही?" असं सुधाकरांना विचारलं. "मले वाटलं, मी घोरतो म्हून रागावला. दोन वर्षं मी हेच समजून राह्यलो." मग हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळाशीच उभे राहिले.

दुसरा दिवस: झरी, पाटणबोरी आणि परत

सकाळी आम्ही चहा पिऊन निघायच्या तयारीत, तर गुलाबभाऊ गाडीच्या मागच्या सीटवर आधीच बसलेले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून एक लालभडक तुरा बाहेर.

"मले बाभुळगावले सोडा," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं जावं, म्हून कोंबडा घेतला."

पण थेट बाभुळगावला जाण्याची त्यांची छाती होत नव्हती. "आधी झरीकडून एक चक्कर मारू. तुमच्या ब्लॉगले कामात येईन वहिनी." म्हणून आम्ही झरी जामणीच्या बाजूनं निघालो. आणि त्यांच्या टाळाटाळीचा आम्हाला फायदाच झाला. हा रस्ता अरुंद आहे, मध्ये मध्ये डांबर गेलेलं आहे, मोबाइलला रेंज येते-जाते. पण दोन्ही बाजूंना सागाचं रान, पानं सुपाएवढी, सकाळच्या धुरकट उजेडात कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वाड्या, कुडाची घरं, दारात तुरीच्या काड्यांच्या पेंढ्या. एका वळणावर गाई थांबल्या म्हणून आम्ही थांबलो. गुलाबभाऊ खाली उतरले, रान पाहिलं आणि म्हणाले, "हेही काही कमी नाही." मग, "पण बाली बालीच."

ते आम्हाला नाला दाखवत होते, एक मोठं मोहाचं झाड दाखवत होते, आपल्या गिऱ्हाइकाचं शेत दाखवत होते. तिसऱ्यांदा "इथं जरा थांबू" म्हणाले तेव्हा सुधाकर म्हणाले, "गुलाब, आता थांबलो तं कोंबडा म्हातारा होईन."

पाटणबोरीला पाट्या मराठी आणि तेलुगू दोन्ही. पुढे पांढरकवड्याला आम्ही इडली खाल्ली, इडलीबरोबर चटणी दोनदा मिळते. हमरस्त्याला लागल्यावर कोंबड्यानं बांग द्यायला सुरुवात केली. समोरचा ट्रक हॉर्न वाजवायचा की हा उत्तर द्यायचा. करंजीवरून मोहदा, जोडमोहा करत यवतमाळ आलं. आमचं घर दोन गल्ल्यांवर होतं, चहाला थांबू म्हटलं, पण आता गुलाबभाऊच म्हणाले, "नको. बसलो तं मी उठणार नाही."

बाभुळगावला दुकानात गर्दी होती. विलासभाऊ काउंटरमागे. त्यांनी आधी सुधाकरांना पाहिलं, मग मागे गुलाबभाऊंना, मग पिशवीतल्या तुऱ्याला. आणि समोरच्या शेतकऱ्याकडे वळून म्हणाले, "हां, बोला जी. हरभरा कोणता देऊ?"

गुलाबभाऊ तिथेच उभे. मग ते सरळ काउंटर ओलांडून आत गेले, पिशवी कोपऱ्यात ठेवली, बाह्या सावरल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "तुम्हाले काय पाहिजे दादा?"

"बीजप्रक्रियेचं औषध."

गुलाबभाऊंनी मागचं एक पाकीट काढलं.

"ते तिथलं नाही," विलासभाऊ वर न पाहता म्हणाले. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. "खालच्या खान्यात."

असं थोडा वेळ चाललं. एक काढत होता, दुसरा दुरुस्त करत होता. मग सुधाकरांनी, इतका वेळ दाराशी उभं राहून बेचैन झालेल्या सुधाकरांनी, काय बोलावं ते न सुचून विचारलं, "मंग बालीचं काय ठरवावं?"

"जाय!" गुलाबभाऊ म्हणाले.

"नको!" विलासभाऊ म्हणाले.

"नारळपाणी किती गोड होतं तिथलं!"

"खारट होतं."

"खोली केवढी मोठी होती!"

"तू घोरला नसता तं मोठी वाटली असती."

गिऱ्हाइकं हातातली पिशवी विसरून ऐकायला लागली. एकानं विचारलं, "दोघं एकाच गावाले गेलते काय?" आणि दुसरा, वयानं मोठा, म्हणाला, "हा तोच काय, बोटीतला किस्सा?"

म्हणजे किस्सा बाभुळगावपर्यंत पोचलेला होता. गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. दोन वर्षं नक्कल करणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज सापडेना.

विलासभाऊंनी पेन ठेवलं.

"हो, तोच," ते म्हणाले. हळू बोलणारा माणूस, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "लाटा आल्या, मी घाबरलो, मायले हाक मारली. मारली. कोणाले मारणार? पण मी एकटा नव्हतो मारत. माह्या दंडाले नखं रुतवून एक जण बाजूले बसला होता, डोळे मिटून. तो म्हणत होता, 'याडी ए! याडी ए!'"

याडी म्हणजे आई, हे आमच्या भागात सगळ्यांना कळतं.

"त्या संध्याकाळी माइक मलेही भेटला असता," विलासभाऊ म्हणाले. "मी त्याचं झाकलं. अन् त्यानं माह्यं उघडलं."

गुलाबभाऊ काउंटरला धरून उभे होते. डोळे भरले होते. "मी भेलो होतो विलास," ते म्हणाले. "मले वाटलं, तू सांगशीन. म्हून मी आधी सांगून टाकलं. तुह्यावर."

"मी सांगितलं असतं?"

"नसतं. ते मले समजाले पाहिजे होतं." मग नाक पुसून म्हणाले, "अन् मी मारली ती हाक माह्या याडीलेच होती असं नाही. तुह्या मायचंही तोंड दिसलं मले तवा. तिनं रोडगा वाढला की एक जास्त टाके माह्या ताटात."

विलासभाऊंनी आपली डावी बाही वर केली, दंड गुलाबभाऊंपुढे धरला आणि म्हणाले, "पाह्य. अजून वण हाय."

वण काही नव्हता. आम्ही सगळ्यांनी पाहिला. गुलाबभाऊंनी चष्मा लावून नीट पाहिला, दंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाय थोडा."

मग कोणीतरी चहा सांगितला. मंदावहिनी मागच्या दारातून आल्या, त्यांनी पिशवी पाहिली आणि विचारलं, "हे काय?" गुलाबभाऊ म्हणाले, "तुमच्यासाठी, वहिनी." विलासभाऊ म्हणाले, "आज गुरुवार हाय. गुरुवारी मी खात नाही." त्यामुळे कोंबडा वाचला आणि सध्या बाभुळगावात राहतो.

गुलाबभाऊ त्या रात्री तिथेच थांबले. आम्ही निघालो तेव्हा दोघं पोत्यांवर बसून भाताच्या वाफ्यांवरून भांडत होते. सुधाकरांना कोणी नीट निरोपही दिला नाही. पण गाडीत बसताना विलासभाऊ मागून ओरडले, "सुधाकर, पुढच्या रविवारी शेतात ये बे! वांगे आले!" यवतमाळ येईपर्यंत सुधाकर शीळ घालत होते. मी तीस वर्षांत त्यांची शीळ ऐकली नव्हती. ती फार बेसूर आहे.

घरी

आता तुमच्यापैकी जे बाली की मॉरिशस या वाटेवर उभे आहेत, त्यांना काय सांगू? दोन दिवस, अर्धा जिल्हा आणि एक कोंबडा, एवढं पालथं घालून मला त्या बेटाविषयी नक्की काहीच कळलं नाही. नारळपाणी गोड आहे की खारट, हेही नाही. एकच गाव, एकच खोली, एकच बोट, आणि एकाला स्वर्ग तर दुसऱ्याला बेंबळ्यापेक्षा हलकं. तिथे काय आहे, हे तिथल्या देखाव्यानं ठरलं नव्हतं. ते एका संध्याकाळच्या माइकनं ठरलं होतं.

रात्री लेकीचा फोन आला. "ठरलं का?" सुधाकर मोबाइल हातात घेऊन पुन्हा व्हिडिओंकडे वळणार, इतक्यात थांबले. चष्मा काढला. माझ्याकडे वळले.

"तुले कुठं जाचं हाय?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत पाण्याचा रंग, नाश्ता, न्हाणीघर, सगळ्याची चौकशी झाली होती. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला, कारण तोवर मीही तो स्वतःला विचारला नव्हता.

"बाली," मी म्हणाले.

"काहून? विलास तं नको म्हणते."

"त्या गावाचं नाव काढलं की एक माणूस चिडतो, एक नाचतो, आणि दोघं रडतात. मॉरिशसचं नाव काढलं की लोक 'छान आहे' म्हणतात. 'छान आहे' म्हणायला मी एवढ्या लांब जाणार नाही."

सुधाकरांनी थोडा विचार केला. मग फोनमध्ये लेकीला म्हणाले, "बाली. अन् तुह्या मायले खिडकीजवळची सीट पाह्य."